अंगठ्याखालची ओळ

गल्लीत त्यांना सगळे सॅम्पलकाका म्हणायचे. नाव चिडवायला ठेवलेलं, पण त्यांना ते मनापासून आवडायचं. काका औषध कंपनीत एम.आर. होते. म्हणजे बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी ताटकळत बसायचं, नंबर लागला की आपल्या कंपनीची गोळी कशी गुणाची आहे ते दोन मिनिटांत सांगायचं, आणि निघताना टेबलावर फुकटची सॅम्पलं ठेवायची. उरलेली सॅम्पलं घरी. त्यांच्या लोखंडी कपाटात कपड्यांना एक कप्पा होता आणि गोळ्यांना तीन. गल्लीत कुणाला शिंक आली की माणूस आधी काकांकडे जायचा आणि मग रुमाल शोधायचा.

काकाही असे दिलदार, की मागितलं एक तर देतील चार. "घे रे, घरचंच आहे," म्हणायचे. जसं काही परसात पिकतंय!

धंद्यातली पोरं मात्र त्यांना गुरुजी म्हणायची. नवा भरती झालेला पोरगा आला की कंपनी त्याला आधी काकांच्या हाताखाली द्यायची. बूट कसे पुसावेत, डॉक्टर वैतागलेले असतील तर तोंड कधी उघडू नये, कंपाउंडरला नावानं हाक का मारावी, सगळं काका शिकवायचे. आणि शेवटी फोल्डर. फोल्डर म्हणजे चकचकीत कागदाची घडी, वर गोळीचं नाव, मध्ये हसत जिना चढणारी बाई, खाली आकडे आणि आलेख. "डॉक्टरांच्या बाजूला उभं राहायचं," काका सांगायचे, "फोल्डर डाव्या हातात, पेन उजव्या. आणि डावा अंगठा असा, खालच्या कोपऱ्यावर, आडवा. म्हणजे कागद हलत नाही." हे त्यांना त्यांच्या गुरुजींनी शिकवलेलं. त्या कोपऱ्यात मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ छापलेली असायची, गोळी कुणी घेऊ नये याची. ती झाका, असं कुणीही कधी म्हणालं नाही. पण नोकरीभर अंगठा तिथेच बसला.

काकांची हुकमी गोळी होती गुडघ्यांची. गुलाबी रंगाची, दिसायला लहान मुलांच्या गोळ्यांसारखी. घरात तिला नुसतं 'गुलाबी' म्हणत. कंपनीनं तिच्यासाठी एक वाक्य पढवलं होतं आणि काका ते असं म्हणायचे की ऐकणाऱ्याचे गुडघे नसले दुखत तरी दुखायला लागावेत: "सर, ही पेनकिलर नाही. ही सांध्यांची मैत्रीण आहे."

त्यांना एकच मुलगी, उशिरा झालेली, म्हणून अंगाखांद्यावर वाढलेली. लहानपणी तिचा आवडता खेळ म्हणजे बाबांची बॅग. आई खुर्चीत बसून डॉक्टर व्हायची आणि ही फ्रॉकमधली एम.आर. दारावर टकटक करायची. "मे आय कम इन सर?" आई आपली चष्मा नाकावर ओढून, "चला, लवकर आटपा, पेशंट आहेत," म्हणायची. मग पोरगी फोल्डर धरायची आणि बोबड्या बोलात 'छांध्यांची मैत्लीण' सांगायची, आणि काका हसून हसून डोळे पुसत म्हणायचे, "अंगठा खाली, बाळा. खाली, आडवा. हां, आत्ता कसं!"

ती मुलगी मोठी होऊन फार्मसीला गेली तेव्हा काकांची छाती दोन वीत फुगली. गुरुजींची लेक म्हणून पोरांनी घरी पेढे आणायचेच काय ते बाकी ठेवले. काका तोवर निवृत्त झाले होते, पण कपाट काही रिकामं झालं नाही. जुने चेले आठवण ठेवून येत आणि गुरुजींच्या पायाशी सॅम्पलं ठेवून जात.

आता फार्मसी शिकली म्हणून पोरगी बाबांची री ओढेल, असं काकांना वाटलं होतं. झालं उलटंच. शेवटच्या वर्षाला असताना एका रविवारी तिचे वर्गातले दोघे घरी आले. एक होता, त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो कुणाचीही बाजू घेऊन भांडू शकायचा. दुसरी चष्मिस, कमी बोलणारी. कॉलेजात कुठल्याशा चर्चेची तयारी करायची होती, विषय औषध कंपन्या आणि नीती. काकूंचे पाय दोन दिवस सुजलेले होते म्हणून चहाला काका उभे राहिले होते, आणि स्वयंपाकघर ते काय, हाकेच्या काय, कुजबुजीच्या अंतरावर.

वकील तावातावानं बोलत होता. "शंभर औषधं फसतात तेव्हा एक लागतं. त्या नव्व्याण्णवांचा खर्च कोण करणार? धर्मादाय खातं? नफा नको म्हणणाऱ्यानं आजारी पडल्यावर गोळी पण नको म्हणावं."

"माझा भाऊ ज्या इंजेक्शननं वाचला," चष्मिस म्हणाली, "तेही अशाच एका कंपनीचं. दर महिन्याला ते घेताना आई मेटाकुटीला येते, आणि तरी ते नसतं तर? मला त्यांना शिव्याही देता येत नाहीत आणि हातही जोडवत नाहीत."

"नफा कमवा ना, कोण नको म्हणतंय!" हा आवाज लेकीचा. "पण जे माहीत आहे ते सांगा की. थांबा, दाखवते." आणि ती बाबांच्या फळीवरून गुलाबीचं फोल्डर घेऊन आली. "हे बघा. एक अक्षर खोटं नाही यात. सगळं छापलंय, नियमाप्रमाणे. आता मी हे धरते. अंगठा कुठे आला बघा."

दोघं वाकून बघायला लागली. मग वकील हळूच म्हणाला, "अगं, हळू. गुरुजी आत चहा करतायत."

"ऐकू देत की."

काका ट्रे घेऊन बाहेर आले. आयुष्यभर रागीट डॉक्टरांपुढे हसलेला माणूस, पोरांपुढे काय डगमगणार? "डॉक्टरांना देवानं डोळे दिलेत ना? माझा अंगठा काही एवढा मोठा नाही." दोघं हसली. लेक हसली नाही.

"बाबा, तुम्ही वाचलीय कधी ती ओळ?"

"सगळं फोल्डर तोंडपाठ आहे मला."

"ती ओळ?"

"साखर कुणाला कमी हवी?" काकांनी विचारलं.

पोरगीही बापाचीच, सोडते थोडीच! "उद्या कुणी गेलं ना या गोळीनं, तर घरचे म्हणणार वय झालं होतं. कुणाला कळायचं पण नाही. त्यांना स्वतःला पण नाही," ती म्हणाली, आणि चहा न घेता फोल्डर फळीवर ठेवून आली.

पोरं गेल्यावर काका काकूंच्या पायथ्याशी येऊन बसले. तोंड एवढंसं झालेलं. "पोटची पोर मला तोंडावर चोर म्हणाली गं."

"चोर कुठे म्हणाली? अंगठा म्हणाली," काकू म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बघून मऊ झाल्या. "अहो, नका मनाला लावून घेऊ. तिला काय माहीत? मी चालतेय ती तुमच्या गुलाबीवरच ना? द्या इकडे एक, आज जरा जास्तच ठणकतंय."

काकांनी कपाट उघडलं, एक गोळी काढली, भांडंभर पाणी दिलं. चहानंतर गुलाबी, असा त्या घराचा शिरस्ताच होता, पोरगी शाळेत होती तेव्हापासूनचा, इतका सवयीचा की तिच्याही डोळ्यांना तो कधी दिसला नाही. काकू कधी गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे गेल्याच नाहीत. कशाला जायचं? डॉक्टरांना जे सांगायचं ते सांगणाराच घरात होता.

पायांची सूज उतरेना. मग चेहऱ्यावर आली. मग तपासण्या झाल्या, आणि एक दिवस काका काकूंना घेऊन मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या खोलीत बसले. लेकीची परीक्षा चालू होती, ती नव्हती. हे डॉक्टर तरुण होते, भले होते, घाईत नव्हते. काका मात्र जुन्या सवयीनं खुर्चीच्या कडेवर, पाठ ताठ, जणू आत्ता नंबर लागलाय. डॉक्टरांनी एकेक विचारलं. रक्तदाब? साखर? मग म्हणाले, "बरं, या दुखण्याच्या गोळ्या वगैरे घेतात का? पेनकिलर?"

"छे छे, सर!" काका म्हणाले. "पेनकिलर आमच्या घरात येतच नाही."

आणि काकूंनीही मान हलवली. नाही म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा घाबरला, लपवलं. देवाशपथ सांगतो, तसं नव्हतं. घाबरला असता तर बरं झालं असतं. अहो, जो माणूस उभ्या आयुष्यात हजारो वेळा सांगत आला की ही पेनकिलर नाही, त्याच्या डोक्यात ती पेनकिलर राहिलीच नव्हती. बाकीच्यांनी त्या वाक्यावर थोडाफार विश्वास ठेवला असेल, नसेल. काकांनी पुरता ठेवला होता. आणि दुसरं असं, की त्या घरात 'औषध' म्हणजे दुकानातून आणलेलं. कपाटातलं ते घरचं. मीठ खाता का असं कुणी विचारलं तर आपण आठवून सांगतो का?

डॉक्टरांनी खाली लिहून घेतलं, आणि दुसरीकडे कारण शोधायला लागले.

पुढचे महिने डायलिसिसचे. एक दिवसाआड त्या यंत्राशेजारी पडून राहायचं. काकू सुकत चालल्या, पण विनोद सुटला नाही. नर्सला म्हणायच्या, "बाई गं, धुणं रोज धुतात तसं माझं रक्त धुताय, जरा निळीत पण बुडवा." आणि पिशवीत, रुमाल, कंगवा, पाण्याची बाटली यांच्या जोडीला गुलाबीची पट्टी होतीच. यंत्राजवळ चार तास पडून गुडघे आखडतात, आणि तेवढी एक गोळी घेतली की बरं वाटतं. काका स्वतः भरायचे ती पिशवी. आठवणीनं.

एक दिवस दुपारी लेक आईजवळ होती आणि काका खाली फळं आणायला गेले होते. परत आले तर ती बाहेरच्या बाकाजवळ उभी. हातात गुलाबीची पट्टी, अर्धी रिकामी.

"बाबा, ही आईच्या पिशवीत होती."

"हो अगं, गुडघ्यांसाठी. बिचारीला तेवढाच आराम."

"कधीपासून घेते ती?"

"कधीपासून म्हणजे? तुला माहीत नाही का? नेहमीच घेते की."

ती बापाकडे बघत राहिली. काकांना वाटलं, आता भडकेल, त्या रविवारसारखी. त्यांनी मनातल्या मनात उत्तरही तयार ठेवलं. पण ती भडकली नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं आणि तिनं पट्टी मुठीत दाबली. मग म्हणाली, "आता ही नको द्यायला, बाबा. बाकीच्या औषधांची गर्दी होते ना, म्हणून." आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली ती तोंड धुऊनच.

त्या दिवसापासून काकूंच्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लागली. लेक तासन्‌तास बसून शेकायची, एक चटका बसू द्यायची नाही. काकू कधी म्हणायच्या, "एक गुलाबी दे ना गं," तर ती म्हणायची, "संपल्या, आई." काकांनी हे ऐकलं होतं. कपाटात काय आहे हेही त्यांना माहीत होतं. पण काही गोष्टी माणूस ऐकतो आणि पुढे विचार करत नाही. विचार केला तर उठून उभं राहावं लागतं, आणि त्यांच्यात तेवढी ताकद नव्हती.

उशीर झाला होता. थंडी सरता सरता काकू गेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी काकांना जवळ बोलावून एवढंच सांगितलं, "पोरीशी भांडू नका. तिचं मन तुमच्यासारखंच आहे, फक्त तोंड माझं आहे."

घरी माणसं आली, बसली, उठली. "वय झालं होतं," कुणीतरी म्हणालं. "गुडघ्यांनी बेजार होत्या हो, सुटल्या." लेक पाण्याचे पेले भरत होती. ते ऐकलं मात्र, तांब्या तसाच ठेवून आत निघून गेली. काकांनी ते पाहिलं.

घर फार मोठं वाटायला लागलं. दोघंही एकमेकांना जपायला लागली, इतकी की बोलणंच खुंटलं. एक विचारायचा, जेवलीस का. दुसरी विचारायची, गोळी घेतलीत का रक्तदाबाची. काका रात्रंदिवस एकाच गोष्टीभोवती घुटमळत होते आणि तिला हात लावत नव्हते. आणि लेक अशी वागत होती, जशी त्या गोष्टीच्या दारात आडवी पडून आहे.

मग एका दुपारी वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. जिना उतरतानाच कण्हत आली. "काका, काकू ती गुलाबी घ्यायच्या ना, असेल तर एक पट्टी द्या हो. गुडघ्यानं जीव नकोसा केलाय." काका सवयीनं उठलेच. कपाटाच्या मुठीला हात घातला, तेवढ्यात लेक आतून ओल्या हातांनी पळत आली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"संपल्या, मावशी. एकही नाही. तुम्ही डॉक्टरांना दाखवा. मी येते तुमच्याबरोबर, उद्या जाऊ."

शेजारीण गेली. लेक हात पुसत आत जायला निघाली, तर काका म्हणाले, "पोरी, जरा बस."

ते फळीपाशी गेले. जुन्या कागदांखालून गुलाबीचं फोल्डर काढलं. हसत जिना चढणारी बाई अजून हसतच होती. ते लेकीच्या शेजारी येऊन बसले आणि फोल्डर तिच्याकडे दिलं. "माझा चष्मा सापडत नाहीये. वाचून दाखव. सगळं वाच." चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता आणि त्याची दांडी बाहेर दिसत होती. लेकीनं ती पाहिली की नाही, देव जाणे.

"आता कशाला, बाबा?"

"वाच गं. मला ऐकायचंय."

तिनं फोल्डर दोघांच्या मध्ये धरलं आणि वाचायला सुरुवात केली. गोळीचं नाव. त्यात काय काय आहे. किती लोकांना किती आराम पडला. सूज किती उतरली. आवाज सरळ होता. आलेख झाले, आकडे झाले. खाली कंपनीचं नाव आलं, तेही तिनं वाचलं. मग थांबली.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"म्हणजे आईला हे… आपल्या गोळीनं काही नाही ना झालं?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "आपल्या गोळीनं नाही."

काकांनी फोल्डरकडे पाहिलं. डाव्या हातात धरलेलं होतं. खालच्या कोपऱ्यावर अंगठा होता, आडवा, नीट बसलेला. किती पोरांचे अंगठे त्यांनी स्वतः धरून तिथे बसवले होते. फ्रॉकमधल्या या पोरीचासुद्धा.

"असं धरायला कुणी शिकवलं गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

तिनं खाली पाहिलं. आपला अंगठा पाहिला. तिला बहुतेक ठाऊकही नव्हतं तो तिथे गेलाय ते. वर्गात, घरात, बापाच्या तोंडावर, सगळ्या जगाशी भांडणारी ती मुलगी नुसती मान हलवत राहिली आणि मग फोल्डरवर टपटप पाणी पडायला लागलं.

काकांनी तिचा अंगठा दोन बोटांत धरला आणि अलगद बाजूला केला. खिशातून चष्मा काढून लावला. ओळ बारीक होती, त्यांना फोल्डर डोळ्यांजवळ न्यावं लागलं. एकेक शब्द जोडत, पहिलीतल्या मुलासारखी त्यांनी ती मोठ्यानं वाचली. दीर्घकाळ सलग घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मूत्रपिंडांचा विकार असल्यास देऊ नये.

परत एकदा वाचली. मग फोल्डर मांडीवर ठेवलं.

"डॉक्टरांनी विचारलं होतं गं मला," ते म्हणाले. "समोर बसून विचारलं होतं. मी नाही म्हणालो. तिनं पण माझ्याकडे बघून मान हलवली. आणि त्यानंतरही मी पिशवी भरत राहिलो."

लेकीनं त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, नका ना. तुम्ही खोटं नव्हता बोललात. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. तुम्ही खोटं नव्हता बोललात, बाबा."

"तेच तर, बाळा," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका लहान झाला की तिला कान द्यावा लागला. "खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं."

मग ते रडले. काकू गेल्या तेव्हाही रडले नव्हते, ते आत्ता रडले, तोंडावर हात न घेता. लेक शेजारी बसून राहिली. संध्याकाळ झाल्यावर दोघांनी मिळून कपाटाचे तिन्ही कप्पे रिकामे केले.